कर्ली नदीत छोट्या होडीतून गरवायला जायचंय, उन्हाळी सुट्टीचं नियोजन कसं करू?

सह्याद्री_पुणे

नमस्कार मंडळी,

एप्रिलअखेर किंवा मेच्या पहिल्या पंधरवड्यात चार दिवसांची सुट्टी टाकतोय. बरोबर वडील (वय ७२) आणि मुलगी (यंदा सातवीत जाईल). वडिलांचं लहानपण सिंधुदुर्गातल्या कर्लीच्या काठी काळशात गेलं. नोकरीसाठी पुण्यात आले ते इथलेच झाले. गावात आता आमचं घर नाही, जवळचं कुणी राहिलेलं नाही. पण पानात कुठलाही मासा पडला तरी काळुंद्राची आठवण काढतात. नातीला त्यांनी शब्द दिलाय, ‘तुला होडीत बसवून गरवायला नेतो.’ तो शब्द यंदा पुरा करायचा आहे.

माझा अनुभव सगळा गोड्या पाण्याचा. पवना, उजनी इथे काठावर बसून रोहू, चिलापी धरलेत. होडीतून कधी गळ टाकलेला नाही आणि खाडीच्या पाण्याची काहीच माहिती नाही. मनात असं आहे की हवा भरायची दहा फुटी रबरी होडी विकत घ्यावी, तिला बॅटरीवरची छोटी मोटर लावावी, गाडीत टाकावी आणि फोंडा घाटाने खाली उतरावं. म्हणजे कुणावर अवलंबून राहायला नको.

एक मित्र म्हणतो, कर्ली कशाला, चिपळूणची वाशिष्ठी गाठ. पुण्याहून जवळ पडते आणि भर उन्हाळ्यातही तिला पाणी असतं.

तर होडी न्यावी का? कर्ली बरी की वाशिष्ठी? दिवस कोणते धरावेत, सामान काय घ्यावं? वडिलांचे गुडघे दुखतात, मांडी घालून बसता येत नाही. मुलीला तलावात पोहता येतं, नदीत कधी पोहलेली नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

गोवळकोट_चिपळूण

वाशिष्ठीचं मी सांगतो, रोज बघतो म्हणून.

पाणी असतं हे खरं. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचं पाणी इकडे सुटतं, त्यामुळे मे महिन्यातही नदी आटत नाही. पण म्हणूनच नवख्या माणसाला ती फसवते. भरती-ओहोटीचा एक हिशेब आणि वरून सुटणाऱ्या पाण्याचा दुसरा, दोन्ही एकात एक मिसळतात. तक्ता बघून ओहोटी समजून बसावं तर पाणी चढलेलं असतं.

दुसरं म्हणजे मगरी. गोवळकोटपासून खाली खाडीत त्या भरपूर आहेत, लोक त्या बघायलाच बोटीने जातात. ओहोटीला चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतील. लाकडी किंवा फायबरच्या मोठ्या होडीत भीती नाही, पण हवेच्या होडीत लहान मूल घेऊन तिथे जाऊ नका. आणि लोट्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीची मासळी किती वेळा मेली हे खाडीकाठच्या कुठल्याही माणसाला विचारा. आमची नदी आहे, तिच्यावर जीव आहे, तरी सांगतो, तुमच्या या सुट्टीसाठी कर्लीच बरी.

---

कर्लीकाठ

सह्याद्री, आधी वडिलांना नमस्कार सांगा. माझं घर वालावलला, म्हणजे काळशाच्या पलीकडच्या काठाला, थोडं खालच्या अंगाला. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो.

तुम्ही होडी आणि सामानापासून सुरुवात केलीत. ते शेवटी बघू. आधी तिथी ठरवा. खाडीत छोट्या होडीची सहल चांगली होते की वाईट, यातलं निम्म्याहून जास्त तिथीवर ठरतं.

आमच्याकडचा हिशेब साधा आहे. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून पुन्हा मोजायला सुरुवात. हा आकडा मुंबईचा. मालवणच्या किनाऱ्याला भरती साधारण तासभर आधी येते. म्हणजे दशमीला देवबागच्या मुखाशी सकाळी साडेसहाच्या सुमाराला पाणी पूर्ण चढतं. तिथून आत वालावल, नेरूरपारपर्यंत चढायला आणखी थोडा वेळ लागतो. छापील तक्ता घ्याच, कारण दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पण हे गणित तोंडपाठ असलं की दिनदर्शिका बघून घरबसल्या बेत आखता येतो.

आता तुमच्यासारख्यांनी कोणती तिथी धरायची? अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाण्याला ओढ जबरदस्त. होडी नांगरावर ताणलेली राहते, शिसं तळाला टिकत नाही, मुलांना काही कळायच्या आत तंगूस (गळाची दोरी) वाहून मुळात अडकतं. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी सुस्त. होडी निवांत राहते, पण मासाही सुस्तावतो. दशमी ते द्वादशी हे दिवस मला सगळ्यात आवडतात. पाण्यात जीव आलेला असतो, पण जोर चढलेला नसतो. शिवाय वेळ जुळते. पहाटे साडेपाचला वालावलहून निघायचं, भरतीचं पाणीच होडी वर नेरूरपारच्या दिशेने घेऊन जातं. सातच्या आसपास पाणी थांबतं. त्या थांबलेल्या पाण्याच्या अलीकडे आणि पलीकडे जो तास-दीड तास मिळतो, तोच गरवण्याचा. मग ओहोटी लागली की तिच्याबरोबर गरवत गरवत खाली घरी. जाताना भरती, येताना ओहोटी. मशीन बंद पडलं तरी माणूस वल्ह्यावर घरी येतो.

दहाच्या पुढे पाण्यात राहू नका. उन्हाचं कारण आहेच, पण खरं कारण वारा. सकाळी जमिनीवरून मतलई असते, नदी गुळगुळीत. अकराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो आणि सरळ नदीत घुसतो. त्याच वेळी ओहोटी चालू असेल तर पाणी खाली आणि वारा वर, दोघांची गाठ पडते आणि आखूड, उभ्या लाटा उठतात. खाली देवली, कोरजाईकडे पात्र रुंद आहे, तिथे हा प्रकार जास्त. मुखाकडे तर जाऊच नका. संगमाजवळ वाळूचे दांडे दर पावसाळ्यात जागा बदलतात, वर लाटा फुटतात, आणि सुट्टीत देवबागच्या बाजूला पर्यटकांच्या बोटी आणि जेट-स्कींची एवढी वर्दळ असते की गळ टाकून बसण्यात अर्थ नाही.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्याचा बेत करू नका. २०२१ साली तौक्ते वादळ १६ मेला आमच्या किनाऱ्याजवळून गेलं. २०२५ साली मान्सून २५ मेलाच देवगडपर्यंत पोहोचला. त्याआधीही दुपारनंतर डोंगराकडून ढग चढून वळवाचा वारा येतो, तो सांगून येत नाही. अक्षय्य तृतीयेनंतरचे दहाएक दिवस मला सगळ्यात भरवशाचे वाटतात.

रबरी होडीचं स्पष्ट सांगतो, आणू नका. कर्लीत खडकाला, पुलाच्या खांबांना, बुडालेल्या ओंडक्यांना कालवं चिकटलेली असतात. त्यांची धार ब्लेडसारखी. ओहोटीला पाण्याच्या बोटभर खाली असतात, दिसत नाहीत. शिवाय जाळ्यांसाठी रोवलेले जुने खुंटे ठिकठिकाणी मोडून राहिलेत. बॅटरीची मोटर थांबलेल्या पाण्यात छान चालते, ओहोटीच्या तोंडावर तिचा जोर पुरत नाही. आणि स्वतःची मोटर लावलेली होडी इथे चालवायची तर आधी सागरी मंडळाच्या बंदर कार्यालयात चौकशी करावी लागेल. चार दिवसांसाठी हे सगळं कशाला?

गावातल्याच माणसाची होडी ठरवा. छपराची, खुर्च्यांची पर्यटक बोट नको. अठरा-वीस फुटी फायबरची साधी होडी, आडव्या फळ्या, मागे मशीन, आणि वल्ही असलीच पाहिजेत. माणूस गरवणारा हवा, नुसता फिरवणारा नको. पूर्ण सकाळचे पैसे आधी ठरवा, मासे मिळोत न मिळोत. आणि मग त्याचं ऐका. तो जिथे मशीन बंद करून होडी पाण्यावर सोडतो, जिथे नुसतं वल्हं बुडवून खोली बघतो, तिथे गप्प बसून बघत राहा. ‘कुणावर अवलंबून राहायला नको’ असं तुम्ही लिहिलंत. खाडीत अवलंबून राहण्यातच शहाणपण आहे. ज्या पाण्यावर त्याचं घर चालतं, त्या पाण्यात आपण पाहुणे आहोत. त्याच्या जाळ्यांच्या भेंडांपासून (तरंगांपासून) लांब राहा, त्याच्या जागेचे फोटो आणि नकाशे टाकू नका.

आता मासे. तुमच्या वडिलांचं काळुंदर मिळेल, आणि मुलीसाठीही तेच योग्य. खांबांच्या, बांधाच्या कडेला, कांदळाच्या (खाडीकाठच्या खारफुटीच्या) सावलीत असतं. शेवाळ खाणारा मासा, तोंड लहान. त्याला बारीक गरी (गळाचा आकडा), बारीक तंगूस, एक छोटं भेंड, आणि कणकेचा चण्याच्या डाळीएवढा गोळा. कणीक मळताना चिमूट हळद आणि थोडा कापूस घाला, म्हणजे पाण्यात सुटत नाही. काळुंदर घास ओढत नाही, चाखतं. भेंड बुडत नाही, नुसतं थरथरतं आणि आडवं सरकतं. त्या सरकण्यावर मनगट हलवायचं. हे एकदा मुलीच्या हाताला कळलं की ती होडीतून उठणार नाही.

एक मात्र तिला आधीच सांगा. उथळ पाण्यात काळुंद्रांची जोडी एकाच जागेभोवती घिरट्या घालताना दिसली तर तिथे गळ टाकायचा नाही. नर-मादी दोघं मिळून अंडी आणि पिल्लं राखतात. त्यातला एक काढला की बाकीचे मासे पिल्लं फस्त करतात.

तुमच्यासाठी तांबोशी. कांदळाच्या मुळांत, खडकाच्या कपारीत दबा धरून बसते. आमिष जिवंत कोळंबी. आदल्या संध्याकाळी पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकणाऱ्या कुणाकडून मूठभर घ्या, बादलीत नदीचंच पाणी, आणि ते दर थोड्या वेळाने बदलत राहा. उन्हात बादली ठेवली की कोळंबी तासाभरात मरते. कोळंबीच्या डोक्यावर करवतीसारखा काटा असतो. त्याच्या खाली कवचातून एक काळसर ठिपका दिसतो. गरी त्या ठिपक्याच्या पुढून, काट्याच्या मुळातून आडवी काढायची. ठिपक्याला लागली की कोळंबी तिथेच संपते; नीट लागली तर बराच वेळ पाय हलवत पोहत राहते. गळ मुळांच्या अगदी जवळ पडला पाहिजे, हातभर लांब पडला तर ती बाहेर येत नाही. आणि लागल्यावर पहिल्या दोन सेकंदांत तिला मुळांपासून तोडायचं. तिथे ढिलाई केली की तंगूस मुळाला गुंडाळून ती मोकळी.

जिताडा, आमच्याकडे चोणक, नशिबात असेल तर पुलाच्या सावलीत लागेल. त्याबद्दल माझं एक कळकळीचं मागणं आहे. हा मासा जन्माला नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे बहुतेक माद्या. पावसाच्या सुरुवातीला त्या मुखाकडे अंडी घालायला उतरतात. मेमध्ये मोठा लागला तर पाण्यातच फोटो काढा आणि सोडा. मध्यम आकाराचा एखादा घरी न्या, पोटभर खा. तांबोशीचंही लक्षात ठेवा, खाडीतल्या तांबोश्या कोवळ्या. वाढल्या की त्या समुद्रात खडकांवर जातात आणि तिथे वितात. वीतभर तांबोशी कढईत घालण्यात काही नाही.

शेंगटी हटकून लागणार. तिला हात लावू नका. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा असतो, तो विषारी. पक्कडीने गरी काढा, निघत नसेल तर तंगूस कापा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना उतरते, आणि मग दवाखाना. होडीवाल्याच्या घरी थर्मास भरून मागा, तो हसणार नाही.

राहायला वालावल, नेरूर, धामापूर या पट्ट्यात घरगुती सोय शोधा. देवबागला समुद्र मिळेल पण गर्दी. धामापूरला तलाव आणि भगवतीचं देऊळ आहे. त्या तलावाला २०२० साली जागतिक सिंचन वारशाचा मान मिळाला. उन्हाची दुपार तिथल्या झाडीत काढा. तलावात गळ मात्र टाकू नका.

---

तंगूस_मुंबई

कर्लीकाठ दादांनी सगळं सांगितलंय, मी फक्त सामानाचं जोडतो. मी रॉड-रीलवाला आहे, ठाणे खाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतो.

तुमचे पवनेचे रॉड वडिलांना आणि मुलीला चालतील. स्वतःसाठी सात फुटी मीडियम-हेवी रॉड, तीन-चार हजार आकाराचं स्पिनिंग रील, तीस ते चाळीस पौंडी ब्रेड (विणलेली दोरी) आणि पुढे हातभर पन्नास पौंडी लीडर (गरीजवळचा जाड तंगूस). तांबोशीसाठी हे जास्त वाटेल, पण लढत माशाच्या वजनाशी नसते, कांदळाच्या मुळांशी असते. ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट ठेवा.

सर्कल हुक (टोक आत वळलेली गोल गरी) वापरा. मासा गिळत नाही, ओठाच्या कोपऱ्यात लागतो, सोडायचा असेल तर जगतो. त्यात झटका मारायचा नसतो, नुसतं गुंडाळत जायचं. गोड्या पाण्यात झटक्याची सवय असते, ती इथे सोडावी लागेल. गरीचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मूल होडीत असताना तर नक्कीच, कारण गळ माशाआधी माणसाला लागतो.

जिताड्याच्या कल्ल्याची कड धारदार असते, तिथे बोटं घालून उचलू नका. खालचा ओठ धरा किंवा दांड्याची जाळी न्या, तीही रबरी मिळाली तर उत्तम.

खाऱ्या पाण्यातून आल्यावर रील रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने पुसून घ्या. जोरात फवारा मारू नका, मीठ आत जातं. हे पुण्याच्या माणसांना कुणी सांगत नाही आणि दुसऱ्या वर्षी रील गंजून बसतं.

---

वेंगुर्लेकरीण

मुलीच्या बाजूने थोडं लिहिते. चारही दिवस पहाटे उठवून होडीत बसवू नका. दोन सकाळी पुरे. एक दिवस तिला वेंगुर्ल्याला आणा. मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्हवत कांदळवन सफारी नेतात. मुळं वर का येतात, कुठल्या कांदळाचं पान मीठ कसं टाकतं, कुर्ल्या बिळं कशा करतात, हे त्या इतकं छान दाखवतात की दुसऱ्या दिवशी गळ टाकताना ती मुळांकडे वेगळ्या नजरेने बघेल.

लाइफ जॅकेट तिच्या मापाचं पुण्याहूनच घेऊन या. इथे होडीवर असतात ती मोठ्यांची, लहान मूल त्यातून खाली सटकतं. खांद्याला धरून वर उचललं तर जॅकेट कानापर्यंत येता कामा नये, असं बघून घ्या. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, दोरीची टोपी, आणि पायात पट्ट्याच्या चपला. अनवाणी उतरू देऊ नका, कालवं आहेत.

आणि पाणी उथळ दिसलं तरी चालत आत जाऊ देऊ नका. कर्लीत वाळूचा उपसा झालाय, घोटाभर पाण्यापुढे एका पावलावर पुरुषभर खड्डा असू शकतो. काळुंद्राचं तिखलं खायचं असेल तर ज्या घरी उतराल तिथल्या काकींना आदल्या दिवशी सांगा, त्या त्रिफळं घालून करतील.

---

सह्याद्री_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. रबरी होडीचा विचार सोडला. वडिलांना पूर्ण धागा वाचून दाखवला. पाऊणपटीचं गणित ऐकल्यावर म्हणाले, ‘आमचे आजोबा भिंतीवर कोळशाने लिहून ठेवायचे.’ मग बराच वेळ वालावल, चेंदवण, कवठी अशी गावांची नावं एकामागून एक घेत राहिले.

दोन शंका आहेत. मला सुट्टी बुद्धपौर्णिमेला जोडून सहज मिळते, पौर्णिमा आणि पुढचे तीन दिवस. तेव्हा होडीत बसणं अगदीच अशक्य आहे का? आणि वडिलांना होडीत चढवायचं कसं? त्यांना पायरी उतरतानाही हात धरावा लागतो.

---

कर्लीकाठ

दोन्ही शंकांचं उत्तर एकच आहे.

पौर्णिमेला मुखाशी भरती सव्वादहाला, आमच्या वालावलला पावणेअकराच्या सुमाराला. म्हणजे पहाटे पाच वाजता ओहोटी पूर्ण झालेली असते, तीही उधाणाची. त्या वेळी घाटाची खालची पायरी आणि पाणी यांच्यामध्ये मोठा चिखलाचा पट्टा उघडा पडतो. गुडघाभर रुततो. तरणी माणसंही होडी धरून धरून चढतात. तुमच्या वडिलांना तिथून नेता येणार नाही, आणि कुणी उचलून नेलेलं त्यांना आवडणारही नाही. पाणी घाटाला लागेपर्यंत आठ वाजतात. मग वर जाऊन गळ टाकेपर्यंत ऊन, अकराला वारा, आणि उतरताना उधाणाची ओहोटी समोरच्या वाऱ्याशी भांडत असते. पुढचे तीन दिवसही ओढ तशीच, आणि भरती रोज आणखी उशिरा. होडीवाला नेईल, तो नाही म्हणणार नाही. पण मुलीच्या मनात भीती बसेल आणि वडील गप्प होतील.

म्हणून साहेबांशी बोलून सुट्टी पौर्णिमेच्या आधी घ्या. दशमी, एकादशी, द्वादशी, त्रयोदशी. एखादी तिथी क्षय झाली किंवा दोन दिवस आली तर एक दिवस इकडेतिकडे. दशमीला पहाटे साडेपाचला पाणी जवळजवळ भरलेलं असतं, होडी घाटाला बरोबरीने लागते. वडिलांनी घाटावर उभं राहायचं, होडी आडवी लावून दोघांनी धरायची, पुढून नाळेकडून एकाने आणि मागून एकाने. आधी त्यांनी फळीवर बसायचं, मग बसल्या बसल्या पाय आत घ्यायचे. उभ्याने पाऊल टाकायचं नाही. फळी साधारण खुर्चीच्या उंचीची असते, गुडघे मुडपावे लागत नाहीत. खाली एक उशी ठेवा. काही लोक म्हाताऱ्या माणसासाठी होडीत प्लास्टिकची खुर्ची ठेवतात, ते करू नका. वजन वर जातं आणि होडी कलते.

परतताना साडेनऊ-दहाला पाणी उतरलेलं असेल, तेव्हा वालावलच्या त्याच पायरीला चिखल लागेल. होडीवाल्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, तो ओहोटीलाही पाणी राहतं अशा धक्क्याला उतरवेल आणि गाडी तिथे बोलावून घ्यायची. हे आधी ठरलं नसेल तर सकाळ छान जाऊनही शेवटी त्रास होतो.

त्रयोदशीला भरती पावणेनऊपर्यंत सरकते. त्या दिवशी होडी नकोच. नेरूरपारच्या पुलाजवळ काठावर सावली बघून बसा, वडिलांच्या हातात काळुंद्राची गरी द्या आणि दुपारच्या जेवणाला घरी या.

तुम्ही उजनीला जाता असं लिहिलंत म्हणून एक सांगतो, जरी विषय कर्लीचा असला तरी. मे २०२४ मध्ये कळाशी आणि कुगावच्या मध्ये संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. त्यात लहान मुलं होती. धरणाचं पाणी शांत दिसतं म्हणून आपण जॅकेट पायाखाली ठेवतो. इकडे आलात की घाटावरच तिघांनीही जॅकेट घाला, वडिलांनीसुद्धा. ‘मी याच नदीत पोहायला शिकलो’ असं ते म्हणतील. म्हणू द्या, पण पट्टा तुम्ही स्वतः आवळा.

नांगराबद्दल होडीवाल्याला शिकवायची गरज नाही, पण तुम्हाला कळावं म्हणून सांगतो. नांगर नेहमी नाळेकडूनच टाकतात आणि दोर खोलीच्या तिप्पट तरी सोडतात. मासे लागायला लागले की उत्साहात कुणीतरी मागून बांधायला बघतं. ओहोटीत तसं केलं की पाणी मागच्या कडेवरून आत येतं.

एक शेवटचं. काळसे गावाच्या बाजूने नदीला उतरणारी जुनी पाणंद वडिलांना आठवते का विचारा. आठवत असेल तर तिच्या तोंडाशी त्यांच्या वेळचा वड किंवा देऊळ काय होतं ते लिहून कळवा. होडी त्या काठाने नेता येईल, पाणी पुरेसं असेल तर जवळही लावता येईल. इकडे सकाळी घाटावर गरवणारे दोघे-तिघे भेटतात, त्यांच्यातला कोण त्या दिवसांत मोकळा आहे ते मी विचारून ठेवतो. सुट्टी मंजूर झाली की तारखा इथेच टाका, त्या दिवसांच्या भरतीच्या वेळा काढून देतो.